ऐकण्याचा पैरा

जुलै लागला की सांगलीत माणसं एकमेकांना तब्येत विचारायच्या आधी फूट विचारतात. “किती झालं?” एवढंच. प्रश्न आयर्विन पुलाजवळच्या कृष्णेच्या पाण्याचा आहे हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि सांगणाऱ्यालाही. ४० फुटांना इशारा, ४५ला धोका, हे दोन आकडे इथल्या पोरांना पाढ्यांसारखे पाठ आहेत. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तेव्हापासून ‘किती झालं’ विचारताना माणसांचा आवाज बदललेला मला ऐकू येतो. माझाही बदलला असणार.

मी समुपदेशक आहे. आघातातून गेलेल्या माणसांबरोबर काम करते. २०२१च्या जुलैत नदी पुन्हा चढत होती, तेव्हा माझ्यासमोर एक बाई बसल्या होत्या. (कुणाची ओळख पटेल असं इथे काही लिहिणार नाही, तपशील बदलले आहेत.) आदल्या महापुरात त्यांनी सासूला पत्र्यावर चढवून दोन रात्री काढल्या होत्या. त्या बोलत असतानाच त्यांचा फोन थरथरला आणि पाठोपाठ माझाही. कोयनेतून सोडलेल्या पाण्याचा मेसेज होता. दोघींनी वाचला. मग त्यांनी मान वर करून विचारलं, “मॅडम, तुमच्यात येतंय का वो पाणी?”

असा प्रश्न आला तर काय करायचं हे आम्हाला शिकवलेलं असतं. तो हळूच समोरच्याकडे वळवायचा, स्वतःबद्दल बोलायचं नाही. मला ते जमलं नाही. मी म्हणाले, “येतंय. मागच्या वेळी माडीच्या तिसऱ्या पायरीपर्यंत आलं होतं.” त्या जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “मग तुमचं कोण बघतंय?”

त्यांचा प्रश्न मी आज चारचौघांत मांडते आहे, कारण तो माझ्या एकटीचा नाही. आघातावर काम करणाऱ्या माणसाची काळजी ही त्याची घरगुती बाब आहे असं आपण धरून चालतो. थकला तर त्यानं सुट्टी घ्यावी, योग करावा, महाबळेश्वरला जाऊन यावं. माझं म्हणणं असं की ही काळजी एकट्यानं घेता येत नाही, आणि ती झाली नाही तर पहिलं नुकसान समोर बसलेल्या माणसाचं होतं. म्हणून तिची सोय करणं हे समाजाचं आणि सरकारचं काम आहे. सातारा-सांगलीसारख्या भागात तर जास्तच, कारण इथे ऐकणारा आणि सांगणारा एकाच पाण्यात उभे असतात.

आमचं सगळं शिक्षण याच्या उलट गृहीतकावर उभं आहे. थेरपिस्ट काठावर बसलेला असतो, समोरचा प्रवाहात असतो आणि काठावरून दोर टाकायचा असतो. मोठ्या शहरात हे काही प्रमाणात खरं असेलही. मी सांगलीच्या गावभागात राहते. २०१९मध्ये मारुती रोडवर होड्या चालत होत्या, तेव्हा आमच्या तळघरातली आईची शिलाई मशीन, माझी सगळी पुस्तकं आणि जुन्या केसच्या वह्या पाण्यात होत्या. पाणी ओसरल्यावर सहाव्या दिवशी मी एका शाळेतल्या निवारा केंद्रात लोकांचं ऐकायला बसले. माझ्याच पायाला पुराचा चिखल होता. ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यानंतर न्यूयॉर्कमधल्या थेरपिस्टांच्या अनुभवांवर बरंच लिहिलं गेलं, आणि एकच संकट दोघांवर एकाच वेळी कोसळतं त्याला ‘सामायिक आघात’ असं नाव मिळालं. नाव मिळालं ते बरं झालं. पण कोयना खोऱ्यातल्या माणसाला हे नावाशिवायही कळतं. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे भूकंपानं कोयनानगर पडलं, तेव्हा मदतीला धावलेले कितीतरी जण आधी स्वतःच्याच पडक्या घरातून बाहेर आले होते.

ऐकण्यानं माणसाचं काय होतं, हे नीट सांगायला हवं. ‘ताण’ या शब्दात ते मावत नाही. १९९०मध्ये मॅककॅन आणि पर्लमन या दोन मानसशास्त्रज्ञांनी मांडलं की दुसऱ्यांचे आघात सतत ऐकणाऱ्याच्या मनातली जगाची मांडणीच हळूहळू बदलत जाते. जग सुरक्षित आहे का, माणसांवर विश्वास टाकावा का, आपल्या हातात काही आहे का, या प्रश्नांची आतली उत्तरं सरकतात. पुढे चार्ल्स फिगली यांनी ‘करुणेचा थकवा’ ही संज्ञा रुजवली. झोप उडणं, चिडचिड, दुसऱ्याच्या आठवणीतली दृश्यं आपल्या डोळ्यांसमोर येणं, आणि मग एक दिवस काहीच न वाटणं.

ते काहीच न वाटणं माझ्या वाट्याला २०१९च्या नोव्हेंबरात आलं. पलूस तालुक्यातला एक शेतकरी समोर बसला होता. “दावं कापायला गेलो तवर पानी छातीला लागलं, मॅडम. म्हशी माझ्याकडं बघत हुत्या.” एवढं बोलून तो थांबला. मला जाणवलं की मी त्याच्या मागच्या भिंतीवरच्या फरश्या मोजते आहे. त्या महिन्यात दावणीला बुडालेल्या जनावरांची ही मी ऐकलेली कितवी गोष्ट होती, ते मला सांगता आलं नसतं. मी मान डोलावली, शिकवल्याप्रमाणे दोन वाक्यं बोलले. तो उठून गेला आणि पुन्हा आला नाही. त्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा ते वाक्य कुणाला तरी सांगितलं होतं, आणि ज्या खुर्चीला सांगितलं त्या खुर्चीवर कुणी नव्हतं. हे मी विसरणार नाही आणि विसरूही नये.

घरीही तेच चाललं होतं, फक्त उलट्या बाजूनं. तिथे जास्तीचं वाटत होतं. मुलगी मैत्रिणींबरोबर हरिपूरला संगमावर जाते म्हणाली तर मी दार अडवून उभी राहिले. हिवाळ्याचे दिवस, नदी तळाला गेलेली, घाटाच्या पायऱ्या कोरड्या. मी तिला ब्रह्मनाळच्या बोटीचं सांगत सुटले. महापुरात बचावासाठी निघालेली ती बोट उलटली आणि किती घरं उजाड झाली हे या भागात कुणालाच नव्यानं सांगावं लागत नाही, आणि माझ्या बारा वर्षांच्या मुलीला तर ते त्या दिवशी मुळीच सांगायची गरज नव्हती.

मी तेव्हा ज्या संस्थेसाठी काम करत होते तिथे रोज संध्याकाळी आकडा कळवायचा असे: आज किती लाभार्थी. चौदा झाले तर शाबासकी, सहा झाले तर फोन. ते लोक वाईट नव्हते. त्यांच्यावर देणगीदारांच्या आकड्याचा दाब होता. पण आठ महिन्यांत एकदाही कुणी विचारलं नाही की त्या चौदांचं ऐकून झाल्यावर तुम्ही ते कुठे ठेवता. शेवटी एक ऑनलाइन सत्र झालं. दीर्घ श्वास, कोमट पाण्यानं आंघोळ, मंद संगीत, कृतज्ञतेची वही. यातलं काही खोटं नाही. श्वासाचा मला आजही उपयोग होतो. पण तो सल्ला ऐकताना मनात आलं की व्यवस्थेनं निर्माण केलेलं ओझं ती माझ्याच बाथरूममध्ये आणून ठेवते आहे. दिवसाला चौदा माणसं ही संख्या कमी करायचा विषय त्या सत्रात निघालाच नाही.

आणि पूर हा त्यातल्या त्यात सोपा प्रसंग म्हणायचा. पुराला बाजू नसते. (खरं तर असते. पाणी आधी कुणाच्या वस्तीत शिरतं आणि पंचनामा शेवटी कुणाच्या दारात येतो हे बघितलं की दिसते.) पण पुरात शेजारी शेजाऱ्याला हात देतो. समाजच ढवळून निघतो तेव्हा काय होतं, ते याहून अवघड आहे आणि त्याबद्दल आपल्याकडे फारच कमी बोललं जातं.

सप्टेंबर २००९मध्ये मिरजेत गणेशोत्सवातल्या कमानीवरून दंगल पेटली, संचारबंदी सांगलीपर्यंत आली. १० सप्टेंबर २०२३च्या रात्री खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत सोशल मीडियावरच्या पोस्टवरून जमाव चालून गेला, एक तरुण मारला गेला आणि सातारा जिल्ह्यातलं इंटरनेट बंद करावं लागलं. त्याच दिवसांत मराठा आरक्षणाच्या आंदोलनानं गावोगावचं वातावरण तापलेलं होतं आणि पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या लग्नाला जाणारी घरं एकमेकांशी जपून बोलू लागली होती. अशा दिवसांत थेरपिस्टकडे येणारा माणूस आत पाऊल टाकायच्या आधी दारावरची पाटी वाचतो. आडनाव वाचतो. आणि थेरपिस्टही, कितीही नाकारलं तरी, समोरच्याचं आडनाव ऐकतो.

आमच्यातली एक सहकारी मुस्लिम आहे. त्या सप्टेंबरात तिच्याकडे वर्षभर मुलाला घेऊन येणारी एक आई यायची थांबली. फोनवर म्हणाली, “ताई, तुमचं काही नाही वो, पण घरातले नको म्हणतात.” त्या मुलाला परीक्षेच्या भीतीनं झटके यायचे, ते थांबत आले होते. मैत्रिणीनं त्याच दिवशी पुढचे तीन जण तपासले, घरी गेली, दिवा न लावता बसून राहिली. तिला स्वतःची भीती होती. मुलाची काळजी होती. ‘तुमचं काही नाही’ या वाक्याचा राग होता, आणि राग आला याचा अपराधही वाटत होता. हे सगळं एका माणसात एका संध्याकाळी. यावर कोमट पाण्याची आंघोळ सुचवायला माझी जीभ वळत नाही.

माझी गोष्ट वेगळी आणि माझ्या दृष्टीनं अधिक लाजिरवाणी आहे. आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका धर्माच्या माणसांबद्दल एक व्हिडिओ फिरत होता. दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर बसलेल्या एका मुलीनं थरथरत तोच व्हिडिओ दाखवला. तिच्या वर्गातल्या मुलांनी तो तिला पाठवला होता. मी तिच्याशी नीट बोलले, माझ्या परीनं उत्तम काम केलं. आणि संध्याकाळी ग्रुप उघडला, काका-मावश्यांचे अंगठे बघितले आणि काहीच न लिहिता फोन ठेवला. तीन दिवस. त्या तीन दिवसांत मला जी झोप लागली नाही ती ऐकण्याच्या थकव्यानं गेलेली झोप नव्हती. दिवसा जिच्या बाजूनं बसते तिला मी रात्री एकटं सोडते आहे, याची ती बोचणी होती. युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या संदर्भात या बोचणीला ‘नैतिक जखम’ म्हणतात. स्वतःच्या मूल्यांविरुद्ध वागल्यानं, किंवा गप्प राहिल्यानं, होणारी जखम. चौथ्या दिवशी मी ग्रुपवर चार ओळी लिहिल्या. काकांनी फोन करून बरंच ऐकवलं. मला त्या रात्री झोप लागली.

म्हणून मला वाटतं, उलथापालथीच्या काळात थेरपिस्टच्या स्वतःच्या काळजीत दोन गोष्टी येतात ज्या कुठल्याच यादीत नसतात. एक, आपल्या घरात, आपल्या जातीत, आपल्या ग्रुपवर जे बोलायला हवं ते बोलणं. सेशनमध्ये मत लादायचं नाही, हे बरोबरच आहे. जमावातून आलेला पोरगा समोर बसला तर त्याचंही ऐकायचं आहे. पण खोलीतलं तटस्थपण आपण गल्लीतल्या गप्पपणासाठी ढाल म्हणून वापरू लागलो तर ते आपल्यालाच आतून पोखरतं. दुसरी गोष्ट, राग कुठेतरी मांडता येणं. आमच्या व्यवसायात रागाला फार वाईट नाव आहे. थेरपिस्ट शांत हवा, मऊ आवाजाचा हवा. अन्याय बघून आलेला राग दाबून ठेवायला जेवढी शक्ती लागते तेवढी तो योग्य माणसासमोर बोलून टाकायला लागत नाही.

‘बातम्या बघू नका’ हा सल्ला सगळीकडे मिळतो, तो मला अर्धाच पटतो. व्हिडिओ बघू नयेत हे शंभर टक्के खरं. हिंसेची दृश्यं पुन्हापुन्हा बघून कुणाचंच भलं झालेलं नाही, आणि आमच्याकडे ती दृश्यं शब्दांतून येतातच. पण थेरपिस्टनं जगाकडे पाठ फिरवली तर ज्याला पाठ फिरवण्याची सोय नाही तो माणूस त्याच्यासमोर परका होऊन बसतो. पुसेसावळीच्या शेजारच्या गावातला माणूस घाबरून आला आणि त्याला आधी मला तिथे काय घडलं ते समजावून सांगावं लागलं, तर तो मला कशाला पुढचं सांगेल? मी सकाळी एक छापील पेपर वाचते आणि दिवसभर फोनवर बातमी उघडत नाही. माझ्यापुरता मध्य मी असा काढला आहे. फूट मात्र बघते. ते सुटलेलं नाही.

आता पैऱ्याबद्दल.

पैरा हा शब्द शहरातल्या वाचकाला कदाचित माहीत नसेल. आमच्याकडे एकाकडे एक बैल, दुसऱ्याकडे एक. दोघांची मिळून जोडी. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. भांगलणीला, काढणीला बायका अशाच जातात. पैशाचा संबंध नाही, पण हिशेब पक्का. तुमच्या रानात माझा दिवस गेला तर माझ्या रानात तुमचा यायलाच हवा, आणि तो न चुकवणं ही इभ्रतीची गोष्ट. ट्रॅक्टर आले, मजुरी रोखीत आली, पैरा बराचसा मोडला. पाटणच्या डोंगरात भातलावणीला अजून दिसतो.

२०२०च्या जानेवारीत आम्ही सहा जणींनी ऐकण्याचा पैरा सुरू केला. सांगली, मिरज, विटा, कराड आणि खटावकडच्या. महिन्यातून एका रविवारी सगळ्यांना मध्ये पडतं म्हणून कराडला, एकीच्या घरी. दर वेळी एकीची पाळी. तिनं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. पहिला अर्धा तास कुणी सल्ला द्यायचा नाही, हा नियम आम्ही फार ठेचा खाऊन केला, कारण सल्ला देणं ही समुपदेशकांची सवय नसते असा लोकांचा समज असला तरी तो खरा नाही. केसमधल्या माणसाचं नाव, गाव, व्यवसाय सांगायचा नाही. आपल्यावर काय आलं तेवढंच. आणि ज्यांनी ऐकलं त्यांची पाळी वहीत लिहून ठेवायची. वही महत्त्वाची आहे. आम्ही सगळ्या देण्याची सवय लागलेल्या बायका. ‘माझं काही विशेष नाही, पुढच्या वेळी तूच बोल’ असं म्हणून पाळी सोडण्यात पटाईत. वही सोडू देत नाही. घेणं हेही पैऱ्यात कर्तव्य असतं.

दोन महिन्यांत करोना आला आणि पैरा फोनवर गेला. दुसऱ्या लाटेत आमच्यातल्या एकीचे वडील गेले, शेवटचं दर्शन काचेतून. ती पाचव्या दिवशी कामावर होती. तिच्या पाळीला ती दोन तास फक्त वडिलांच्या उसाच्या रानाबद्दल बोलली. जुलै २०२१मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या, तेव्हा तिथे जाऊन आलेल्या मैत्रिणीला आम्ही पहिल्यांदा ठरवून मागे बोलावलं: चार दिवस झाले, आता तू ये, पुढचे चार दिवस दुसरी जाईल. ती चिडली. “लोकं तिकडं ढिगाऱ्यापाशी बसल्यात आणि मी घरी येऊन झोपू?” आली मात्र. पुढे तीच म्हणाली की त्या दिवशी मागे आले नसते तर हे काम सोडलंच असतं.

याच काळात मला आणखी एक गोष्ट कळली जी आधी फक्त वाचली होती. ऐकणाऱ्याकडे आघात येतो तसं बळही येतं. हर्नांदेझ या संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७मध्ये कोलंबियातल्या राजकीय हिंसेच्या बळींबरोबर काम करणाऱ्या थेरपिस्टांबद्दल हे मांडलं होतं, की समोरच्याची उभं राहण्याची ताकद बघून ऐकणाराही उभा राहतो. पत्र्यावर दोन रात्री काढलेल्या त्या बाईंनी पुढच्या वर्षी आपल्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांची यादी केली, कुणाला आधी हलवायचं, कुणाची औषधं कुठे. मी ती यादी बघितली तेव्हा माझ्या आत काहीतरी सैल झालं. पण हे बळ दिसायला माणूस जागा असावा लागतो. फरश्या मोजणाऱ्याला ते दिसत नाही.

साताऱ्यात याहून मोठं उदाहरण आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी तिथे व्यसनमुक्तीचं काम उभं केलं. २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात त्यांचा खून झाला. एका संघटनेवर, एका कुटुंबावर यापेक्षा मोठा घाव कुठला? तरीही साताऱ्यातलं ‘परिवर्तन’ या संस्थेचं काम थांबलं नाही, त्यांचे चिरंजीव मानसोपचारतज्ज्ञ डॉ. हमीद दाभोलकर आणि सहकारी ते चालवत राहिले, गावोगावी मनाच्या दुखण्यात पहिला आधार देणारे ‘मानसमित्र’ तयार होत राहिले. त्या माणसांच्या मनात काय चाललं होतं ते माझ्यासारख्या लांबच्या माणसानं सांगू नये. पण बाहेरून दिसतं ते हे की काम एका खांद्यावर नव्हतं. एक खांदा पाडला गेला, तेव्हा बाकीचे होते.

आपण मात्र खांद्यांची गणती करत नाही, हौतात्म्याची करतो. साताऱ्याच्या नायगावात जन्मलेल्या सावित्रीबाई फुले १८९७च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना त्याच रोगानं गेल्या. माझ्या मनात त्यांच्याबद्दल जो आदर आहे तो शब्दांत मावणार नाही. पण दर जानेवारीत आणि मार्चमध्ये भाषणांमधून मी ऐकते ते असं की सेवा म्हणजे स्वतः संपून जाणं. त्यांच्यासमोर दुसरा पर्याय नव्हता, प्लेगच्या पोराला उचलायला दुसरं कुणी पुढे येत नव्हतं. आज आशा ताईला, महिला कक्षातल्या समुपदेशक बाईला, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरावर रात्रपाळीला बसलेल्या मुलाला आपण तेच माप लावतो, आणि त्यांच्यासाठी पर्याय उभे करायची आपली जबाबदारी त्या मापाआड लपवतो. सावित्रीबाईंचा खरा वारसा सांगायचा तर त्यांनी आणि त्यांचे दत्तक पुत्र यशवंत यांनी रुग्णांसाठी दवाखाना उभा केला हा सांगावा. व्यवस्था उभी केली हा.

काय करायला हवं हे काही गूढ नाही. आणीबाणीतल्या मानसिक आधाराबद्दल आंतरराष्ट्रीय मदतसंस्थांनी मिळून २००७मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात कर्मचाऱ्यांच्या आणि स्वयंसेवकांच्या मनाची काळजी हा स्वतंत्र विषय आहे आणि ती जबाबदारी काम देणाऱ्यावर टाकलेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११च्या मानसिक प्रथमोपचाराच्या पुस्तिकेतही मदत करणाऱ्यानं स्वतःची आणि सहकाऱ्यांची काळजी घेण्यावर प्रकरण आहे. आपल्याकडे ते उतरायचं तर करारात उतरावं लागेल. सरकारी योजनेत किंवा संस्थेच्या प्रकल्पात समुपदेशक नेमला तर महिन्यातले सुपरव्हिजनचे (आपल्या कामाबद्दल अनुभवी थेरपिस्टशी बोलण्याचे) तास पगारी कामाचे तास म्हणून लिहा. आघाताच्या केस दिवसाला किती, याची कमाल मर्यादा लिहा. आज हे तास आम्ही रविवारी, स्वतःच्या एसटीच्या तिकिटानं भरतो. तीन महिन्यांतून एकदा पुण्याच्या ज्येष्ठ थेरपिस्टबाईंना ऑनलाइन बोलावतो, त्यांची फी सहा जणींत वाटून घेतो. आम्हाला ते परवडतं. मानधनावर काम करणाऱ्या पोरीला परवडत नाही.

दुसरं, जिल्ह्याच्या आपत्ती आराखड्यात बोटी, जेसीबी, निवारा केंद्रांची यादी असते. तशी बाहेरच्या जिल्ह्यातल्या समुपदेशकांच्या तुकडीची असावी. सांगली बुडाली तर पहिला पंधरवडा सोलापूरच्या माणसांनी यावं, इथल्यांनी आधी आपलं घर धुवावं. सोलापूरवर वेळ आली तर आम्ही जाऊ. पैराच हा, फक्त जिल्ह्याजिल्ह्यांतला. आणि एक करू नये: मोठी घटना झाली की सगळ्या मदतनिसांना एका हॉलमध्ये बसवून ‘मन मोकळं करा’चा एकदाचा कार्यक्रम. अशा एकदाच्या, सक्तीच्या बोलण्याचा उपयोग होत नाही असंच अभ्यास सांगतात. मोकळं व्हायला ओळखीची माणसं लागतात आणि पुढचा महिना लागतो.

मला हमखास विचारलं जातं की ऊसतोड करणाऱ्या बाईला कोण सुट्टी देतं, मग तुम्हालाच कशाला? प्रश्न रास्त आहे. तिलाही मिळायला हवी, आणि तिच्या हक्काच्या लढाईत आम्ही नसलो तर आमच्या मागणीला अर्थ नाही. पण तिला मिळत नाही म्हणून कुणालाच नको, हा न्याय अखेर तिच्याच विरुद्ध जातो. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं होतं की मानसिक आजार असलेल्यांपैकी, आजारागणिक, ७० ते ९२ टक्के लोक उपचारापर्यंत पोचतच नाहीत. आमच्या भागात एक समुपदेशक थकून काम सोडतो तेव्हा पुण्याला जाऊ शकणाऱ्या पेशंटचं फारसं बिघडत नाही. फडावरच्या त्या बाईला दारात मिळणारं एकमेव माणूस जातं.

म्हशींची गोष्ट सांगणाऱ्या त्या शेतकऱ्याला मी पुढे दोनदा निरोप धाडला. तो आला नाही, आणि न येण्याचा त्याला हक्क आहे. माझ्या पाळीला मी पैऱ्यात त्याच्याबद्दल बोलले, नाव न घेता. खटावची मैत्रीण म्हणाली, पुढच्या वेळी फरश्या मोजायला लागलीस तर समोरच्याला सांग की आज मला जरा थांबावं लागेल, आणि खरंच थांब. मी तसं आतापर्यंत तीनदा केलं आहे. तिघंही पुन्हा आले.

या रविवारी पाळी मिरजेच्या मैत्रिणीची आहे. पाणी ४० फुटांच्या खाली असलं तर कराडला, नाहीतर फोनवर.